कणकेवरची बोटं

सात वाजता जीप आली. नळाला पाणी होतं,
म्हणून अख्खी इमारत जागी होती.
सारिका जिन्यात चपला शोधत होती.
एकच सापडली. तशीच गेली.
नवरा आधीच आत बसला होता, मान खाली घालून.
"ताई, प्रज्योतला शाळेत सोडा," एवढंच म्हणाली,
जशी काही बँकेत चालली होती.

माझे चाळीस हजार होते त्यांच्या भिशीत.
गिरणीची मोटर बदलायची होती.
हे मी कुणाला बोलले नाही.
त्याला तर नाहीच.

शाळेत नाही गेला तो.
दप्तर घेऊन गिरणीत बसला, डब्यांच्या रांगेत,
जणू त्याचाही नंबर यायचा होता.
दुपारपर्यंत पापण्या पांढऱ्या झाल्या.
आमच्या गिरणीत कुजबुजता येत नाही,
म्हणून बायका ओरडून कुजबुजत होत्या:
"हाच ना त्यांचा?"
मी चाक आवळलं. आवाज वाढवला.
तो डब्यांवरची नावं वाचत राहिला. शितोळे, ज्वारी. काळभोर, बाजरी.

आई गावाला गेलीय, मी म्हणाले.
काहीतरी म्हणायला हवं होतं.
"गावाला जाताना
एक चप्पल ठेवून जात नाही कुणी," तो म्हणाला.
आणि पुढचा डबा वाचला.

संध्याकाळी किल्ली घेऊन वर गेलो, कपडे आणायला.
फ्रिजमध्ये दोन लिंबं, खोकल्याची बाटली,
आणि स्टीलच्या डब्यात कणीक.
त्याच सकाळी शाळेच्या डब्यासाठी भिजवलेली.
पीठ माझ्याच गिरणीतलं, ओळखलं मी.
वर चार बोटं उमटलेली.
माझी आई सांगायची, गोळा गुळगुळीत ठेवू नये गं,
पिंडासारखा दिसतो. बोटं दाबावीत.
सारिकेलाही कुणीतरी सांगितलं असणार.

त्यानं आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली.
"ढिली होतायत."
मग झाकण लावलं. "ही टाकायची नाही."

डबा माझ्या फ्रिजमध्ये आला.
रोज सकाळी उठून तो उघडायचा, बोटं ठेवायचा,
झाकायचा, मग दात घासायचा.
मला मुलांची सवय नाही. मी विचारायची, जेवलास?
तो म्हणायचा, जेवलो.
ताटात भात तसाच.
रात्री झोप येईना. चाळीस हजारातून
एक वाटी वरण वजा, एक दुधाची पिशवी वजा.
असला हिशेब कुणी करतं का?
मी केला.

दुसऱ्या दिवशी कणीक करडी पडली.
तिसऱ्या दिवशी आंबूस वास.
चौथ्या दिवशी फुगली,
आणि बोटं बुजली.

तो बघत राहिला. झाकण हातात.
मग डबा ओट्यावर ठेवून
इतका वेळ रडला की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.
मी जवळ घ्यायला गेले तर माझ्या हातांना पीठ,
त्याच्या शर्टावर पाठभर पंजे उठले.

नंतर नाक पुसून विचारलं,
"अप्परहून येरवड्याला कुठली बस?"
"स्वारगेटला बदलावी लागते."
"मला सोडतील आत?"
"विचारू."
गावाची गोष्ट आम्ही दोघांनीही पुन्हा काढली नाही.

परात घेतली. त्यानं पाणी जास्त ओतलं,
मी पीठ घातलं, त्यानं पुन्हा पाणी.
दोन माणसांना सहा माणसांची कणीक झाली.
कोपरापर्यंत चिकटली होती.
चार बोटं दाबली त्यानं. छोटी छोटी, वेडीवाकडी.
"पोळ्या नका करू. ठेवू."
बरं, म्हटलं.

अकरा वाजता अंधारात म्हणाला, "भूक लागलीय."

मामा बार्शीहून शनिवारी येणार आहे, म्हणे.
वकील फोन उचलत नाही.
मोटर अजून घरघरते.
तीन पोळ्या खाल्ल्या त्यानं, तूप-साखर लावून.
एक करपली होती, तीही.
एवढा गोळा राहू दे म्हणाला, लिंबाएवढा.
राहू दिला.