साम्य आढळते

पाकीट संकेश्वरहून आलं, लाखेचं सील शाबूत.
वर कन्नडमध्ये: कूदलु, एक. नूलु, तीन.
फोडलं तर आधी मला शिंक आली.
लगमव्वा मिरचीच्या वखारीत देठं खुडायची,
घडी घातलेलं तिचं लुगडं अजून तिखट होतं.

नदीचं नाव हिरण्यकेशी, सोन्याच्या केसांची.
तिच्या काठावर ती सापडली,
मुठीत एक केस.
काळा. टोकाकडे मेंदी.
मूळ नाही. तुटलाय, उपटलेला नाही,
म्हणजे तो नाव सांगणार नाही.
माणसाचा आहे, शेळीचा नाही,
टोक गोलसर, कात्री लागून बरेच दिवस झालेत,
एवढंच बोलतो. पुढं गप्प.

मग नखाखालचा तंतू भिंगाखाली सरकवला
आणि हात थांबला.
व्हिस्कोज. अंगावर लांब रेघा, नांगरटीसारख्या.
डाळिंबी रंग, पण कडेकडेलाच, आत मुरलेला नाही.
हा घाणा मला माहीत आहे.
गेल्या दसऱ्याला वडगावात रंगाऱ्याची भट्टी मधेच विझली,
सगळं सूत असंच कच्चं निघालं.
दादांनी तरी मागावर चढवलं.
आई म्हणाली, खपतंय, लग्नसराई हाय.
चाळीस साड्या.
त्यातली एक आईच्या अंगावर.

अहवाल मी कन्नडमध्ये लिहिते, विचार मराठीत करते,
आणि दोन्हीकडं ते क्रियापद नाही जे मला हवंय.
'तिचाच आहे' लिहिता येत नाही.
'तिचा नाही', तेही नाही.
साम्य आढळते.

हुक्केरीच्या कोर्टात वकील म्हणाले,
बाई, सुतावरून स्वर्ग गाठताय तुम्ही.
म्हटलं, स्वर्ग नाही साहेब,
फार तर वडगाव.
कोणीतरी हसलं. टायपिस्टनं व्हिस्कोज कसं लिहायचं ते विचारलं.
पिंजऱ्यात लगमव्वाची भावजय,
डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

बाहेर लिंबाखाली लगमव्वाची लेक थांबली होती.
आईनं मूठ सोडली नव्हती, म्हणाली,
चौघांनी मिळून उघडली.
एवढं धरून ठेवलेलं तिनं,
मग सांगा की कुणाचा ते.
मी पर्समध्ये उगाच बसचं तिकीट शोधत राहिले.

घरी आले तर आई कांड्या भरत बसलेली.
काय बघूलालीस गं बाहीकडं?
काही नाही.
माझ्या बाहीवर डाळिंबी तंतू, बोटभर,
रोज असतो, रोज झटकते.
आज झटकला नाही.
पाकिटावर तीन लिहिलं होतं.
तीनच निघाले.
मी तेव्हा चारदा मोजले होते.
आता दिवा न लावता
पाचव्यांदा मोजते.