पहिले एक बावन्न

घड्याळ छातीवर उलटं टाचायचं.
समोरच्याला काटे खाली डोकं वर पाय,
मान झुकवली की मला सुलटे.
तीन वर्षांच्या पदवीत हे कुणी सांगितलं नव्हतं.
जॅनिसने सांगितलं, लॉकररूममध्ये, पिन दातांत धरून.

सप्टेंबरपासून माझा स्वतःचा नोंदणी क्रमांक आहे.
त्याआधी माझ्या सहीखाली दुसरी सही असायची,
बोहल्यावरच्या मुलीमागे मामा उभा असतो तशी.
आता सहीखाली कागद कोरा.

हलमध्ये 'नो'ला 'नर' म्हणतात, फोनला 'फर्न'.
'फर्न फॉर यू' ऐकून
मी रजिस्टरमध्ये फर्न नावाची बाई शोधत बसले होते.
ऋजुताचं रूज झालं, त्याची तक्रार मग कुठल्या तोंडाने करू?

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, रात्रपाळी.
खोली चार. डेमी स्टॅमर्स, एकवीस, पहिलटकरीण.
सोबत आई नाही, जोडीदार नाही, आजोबा.
गोदीत क्रेन चालवलेला माणूस
बिछान्याकडे पाठ करून
भिंतीवरची हात धुण्याची पद्धत
चौथ्यांदा वाचतोय.

कळ येते, ती पलंगाची कळ दाबते.
पलंग वर जातो, कळ जात नाही.
मला हसू येतं ते मराठीत,
त्यामुळे एकटीनंच गिळावं लागतं.

मग सहा नंबरची घंटा.
जॅनिस उठली, 'जमेल तुला, लव्ह,'
आणि दार तिच्यामागे हळूच मिटलं,
त्या दारांना आपटताच येत नाही.

पुढचं सगळं मला सलग आठवत नाही.
डोकं. थांब म्हटलं, थांबली. खांदा.
मग हातात ओलं, जड, गप्प काहीतरी.
टॉवेलनं पाठ चोळत होते
चार सेकंद, की चाळीस,
आणि ती रडली,
आजोबा भिंतीशीच रडले.
मान झुकवली. एक बावन्न.

वार आली. ट्रेवर पसरली, पालथी केली,
बोटांनी कडा जुळवून पाहिल्या. कुठे तुकडा गहाळ नाही.
'आज वार कोणता म्हणायचा आता?'
आजोबांनी विचारलं इंग्रजीतच, माझ्यापर्यंत असं पोचलं.
'पूर्ण' म्हणणार होते,
'रविवार' म्हणाले.

नोंद करायला बसले तर स्क्रीनवर एक एकतीस.
दोन वाजता या देशानं घड्याळ तासभर मागे घेतलेलं.
म्हणजे पाळण्यातल्या मुलीला
जन्मायला अजून एकवीस मिनिटं.

जतच्या सरकारी दवाखान्यात माझ्या वेळी
सिस्टरने लिहिलं होतं, पहाटे चारच्या सुमारास.
त्या सुमारावर गुरुजींनी दोन पत्रिका मांडल्या.
एकीत परदेशगमन होतं, एकीत नव्हतं.
आईने दोन्ही एकाच डब्यात ठेवल्या.
त्या सिस्टरचा मला वर्षानुवर्षं राग.
आज शोधला तर सापडेना.
तिच्याही वॉर्डात तेव्हा दुसरी घंटा वाजत असेल.

दुसरे एक बावन्न झाले तेव्हा मुलगी दूध ओढत होती.
जॅनिस परतली, अंगावरचा ॲप्रन बदललेला.
सहा नंबरबद्दल ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.
खांद्यावरून वाचत म्हणाली, 'पहिले की दुसरे?'
'पहिले.'
'मग तसं लिही.'
सवयीनं तिचा हात खिशातल्या पेनाकडे गेला,
आणि पेन न काढताच बाहेर आला.

पाळी तेरा तासांची झाली. पगार बाराचाच, म्हणतात सगळ्या.
सकाळी ॲनलबी रोडच्या थांब्यावर
हंबरवरून येणारा वारा, आणि आजोबा,
हातात सिगारेट, न पेटवलेली.
'किती वाजले, लव्ह?'
कोटाची बटणं सोडून मान झुकवली.
काटे अजून उन्हाळ्यातच होते.
'कुठले सांगू?' मी विचारलं.