मागची खुर्ची

सायकल कसली, या दोन आरामखुर्च्या,
एकीमागे एक,
खाली कुणीतरी चाकं लावून दिलेल्या.
झीनियातल्या निवृत्त पोस्टमनकडून घेतली, वापरलेली.
तो म्हणाला, बायको गेल्यापासून
मागची खुर्ची फार हलकी लागते.
मोरेश्वर कोथिंबिरीलाही घासाघीस करणारा,
मुकाट्याने पैसे मोजून मोकळा झाला.

आई म्हणायची,
पोरीच्या जातीने चारचौघांत
पाय पसरून बसू नये.
बघ आई,
पाठ टेकलेली, तंगड्या पुढे, ओहायोभर,
आणि चारचौघं हात हलवतायत.
एक बाई तर कुत्र्यासकट थांबून हसली.

वाट पूर्वी रेल्वेची होती.
रूळ उचलून नेले,
चढउतार मात्र इंजिनाच्या बेताचाच राहिला,
म्हणजे आमच्याही.
दोन्ही बाजूंना सिकमोर, साल सोलून पांढरे झालेले,
पलीकडे वाळत चाललेला मका
वर्तमानपत्राची घडी उलगडावी तसा वाजतो.
सप्टेंबर. ऊन आहे, पण बोचत नाही.

साखळी एकच.
तो फिरवतो म्हणून माझेही पाय फिरतात,
मी जोर लावो न लावो.
"मारतेयस ना पेडल?"
"मारतेय की."
एकतीस वर्षं आम्ही हेच बोलत आलोय,
कामं तेवढी बदलत गेली.
बेअरिंगच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस,
त्याला आवाजावरून सगळं कळतं.
बोलत नाही, इतकंच.

पुढचं सगळं त्याचं:
खड्डा, फाटक, ब्रेक, व्हिसाचे कागद, घराचे हप्ते.
बाजूचं सगळं माझं.
ओढ्यावरचा इथला खंड्या,
शेंडी विस्कटलेली, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा.
"अरे, तो बघ!"
"कुठे?"
म्हणेपर्यंत तो मागे पडलेला असतो.

बाकापाशी पॉपॉचं झाड,
खाली पडलेली फळं, हिरवी, काळ्या डागांची.
मी बोटांनीच फोडलं एक.
पिवळा गर, टपोऱ्या काळ्या बिया.
"सीताफळ!" तो म्हणाला.
मग फळ उलटसुलट करून,
"पण याला डोळेच नाहीत.
पिकलंय हे कळायचं कसं?"
"वास घेऊन."
त्याने घेतला. बराच वेळ घेतला.
बिया लांब गवतात थुंकत बसला, शाळेतल्या पोरासारखा,
आणि हात पँटला पुसत म्हणाला,
"आता तू बस पुढे."

"मी?"
"बघू तरी."

अॅलन की काढून, गुडघे टेकून
त्याने माझ्या पायांच्या मापाने सगळं सरकवलं.
एकदा, मग पुन्हा एकदा.
सप्तपदीत पाऊल धरून तांदळावर ठेवलं होतं,
तेही गुरुजींनी सांगितलं म्हणून.
आज कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे बसलं की फारसं काही नसतं.
वाट असते, आणि ती येतच राहते.
एक काटकी सापासारखी दिसली,
मी करकचून ब्रेक दाबला.
तो काही म्हणाला नाही.
सांगते, पुढच्या माणसाला जंगल दिसत नाही.
दिसू शकत नाही.
हे इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं.

आणि मागून,
"निरू, कासवं! त्या ओंडक्यावर, तीन!
नाही, चार, एक पिल्लू आहे!
निरू, हे लाल कसलं गं, या वेलीवर?
निरू, हे रोज असतं इथे?"
दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस.

"रोज," मी म्हणते, मान न वळवता,
आणि वेग थोडा कमी करते,
कासवं बघून होऊ देत त्याची.

येलो स्प्रिंग्जकडे हलकासा चढ आहे,
डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना कळतो.
मागे वजन आहे, भरपूर.
तो पेडल मारतोय का, विचारत नाही.
संध्याकाळी पोस्टमनकडे थांबायचंय,
टोपीत सहा पॉपॉ आहेत,
दोन जरा जास्तच पिकलेले.