पाचचा टोल

ब्लॉक सात. टी.वाय.चा अर्थशास्त्राचा पेपर.
दुपारी पारा पंचेचाळीस,
पंखे तीच गरम हवा ढवळत होते
आणि पुरवण्या मनगटांना चिकटत होत्या.
चार वीसला सातपुड्याच्या अंगानं आभाळ
भरताच्या वांग्यासारखं काळं पडत आलं.
लाईट गेली.

आधी केळीचा आवाज.
कुंपणापलीकडे भंगाळ्यांची बाग.
हजारो पानं एकदम फाटतात तेव्हा
क्षणभर कापडाच्या दुकानात असल्यासारखं वाटतं,
मग नाही वाटत.
तिसऱ्या बाकावर चेतना भंगाळे.
तिनं मान वर केली नाही.

नियमावलीत कॉपी सापडली तर काय,
याची अडीच पानं आहेत.
विजेची ओळ नाही.
मी म्हटलं, पेन ठेवा, खिडक्यांपासून उठा,
मधल्या कॉरिडॉरमध्ये खाली बसा,
नळाला, जाळीला हात नको.
‘मॅडम, वेळ वाढवून मिळेल ना?’
मिळेल, म्हटलं.
कोणाच्या अधिकारात, मला माहीत नव्हतं.

पेपर लवकर टाकून दोघं गाड्या काढायला पळाले होते.
तडवी मामांनी कॉलरला धरून आत आणले.
मिनिटभरात स्टँडचं पत्र्याचं छत
व्हॉलीबॉलच्या मैदानावरून चालत गेलं,
सावकाश, कोणी बोलावल्यासारखं.

सायसिंग पावरा म्हणाला, चमकली की मोजायचं,
आमच्या पाड्यावर मोजतात.
बत्तीस जणं मोजू लागली,
कोणी अहिराणीत, कोणी पुटपुटत.
अकरावर गडगडलं. मग सहावर.
मग ‘एक’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात.
त्यानंतर कोणी मोजलं नाही.
गारा व्हरांड्यात उड्या मारत आल्या,
एक माझ्या चपलेपाशी विरघळत थांबली.

पाच वाजत आले.
टोल म्हणजे आमच्याकडे रुळाचा तुकडा,
भुसावळहून कधीकाळी आणलेला,
अंगणातल्या निंबाला साखळीनं टांगलेला.
सव्वीस वर्षांत मामांचा एक टोल चुकला नाही.
हातोडी घेऊन ते दाराशी उभे.
‘पाच झाले ना, मॅडम?’
‘लोखंड आहे, मामा. वर झाड आहे.’
‘पण पाच झाले.’
मी दारात आडवी उभी राहिले.
मग ते बसले पोरांमध्ये,
हातोडी मांडीवर,
आणि पाच वाजलेच नाहीत.

उघडलं तेव्हा निंब जागेवर होता.
रूळही. नुसता हलत होता.
वीज कुठे पडली, कळलं नाही.
चेतना कुंपणापर्यंत गेली,
पलीकडे सरळ नजर जात होती आता,
थेट कॅनॉलपर्यंत.
बराच वेळ उभी राहिली.
परत येऊन म्हणाली,
‘चौथा प्रश्न राहिलाय माझा.’
मी मोबाईलच्या उजेडात पुरवणीवर सही केली.

सहा चाळीसला मामा चिखलातून गेले
आणि मोजून पाच टोल दिले.
मी अहवालात लिहिलं:
पेपर सुटला पाच वाजता.
आत बत्तीस. बाहेर बत्तीस.