चरग

एळ्ळ अमावस्येला निंगाप्पाकाकानं
बुट्टी माझ्या डोक्यावर ठेवली.
'यंदा तू चल गा. गुडघे कुरकुरालेत माझे.'
बुट्टीत तीळ लावलेल्या भाकऱ्या, भज्जी, कडबू,
आणि आंबील, कोल्ड्रिंकच्या बाटलीत.
आंबिलाचं गाडगं फुटलं
त्याला तीन वर्षं झाली.

येळ्ळूरच्या वाटेवरचं आमचं शेत,
सव्वा एकर.
मधला पट्टा बायपासनं नेला.
उरल्या दोन चिंध्या,
एकीत मसूर,
दुसरीत सर्व्हेवाल्यांचा लाल दगड.

पाच पांडव मांडायचे तर
खडे चारच मिळाले.
काका थोडा वेळ उकिडवा बसून राहिला,
मग लाल दगडालाच चुना फासला.
'आलाय तर बसू दे पंगतीला.'
चौघांना त्याच्या शेजारी ओळीनं बसवलं.

मग चरग.
पुढच्यानं घास उधळत हाक द्यायची,
मागच्यानं आंबील शिंपडत ओ द्यायची.
काका निघाला जुन्या बांधावरून,
जो आता नाही.
पायांना ते कोणी कळवलेलं नसावं.
भराव चढून तो सरळ डांबरावर गेला
आणि ओरडला,
'हुलिग्योऽ!'

माझ्या तोंडात काही येईना.
फौंड्रीतल्या साच्यांचे नंबर आठवले,
एटीएमचा पिन आठवला,
लहानपणी घसा बसेतो ओरडलेला
तो एक शब्द सोडून सगळं.

रोलरच्या सावलीत एकजण जेवत होता.
यलबुर्ग्याकडचा, दुरगप्पा.
नाव मागाहून कळलं.
घास हातात तसाच धरून उभा राहिला
आणि छाती भरून ओरडला,
'चळांब्रिग्योऽ!'

काकानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.
ओ येणारच होती, अशा चालीनं
पुढं गेला, पुन्हा उधळलं, पुन्हा हाक.
तिसऱ्या खेपेला
मीही जमवलं, अर्धंमुर्धं.

एक ट्रक आला, हॉर्न देत.
भज्जीचे दाणे टायरला चिकटून
धारवाडच्या दिशेनं गेले.
काका म्हणाला, 'जाऊ दे.
तिकडं काय शेतं न्हाईत?'

दुरगप्पानं दोन कडबू खाल्ले,
तिसरा रुमालात बांधला.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

सोमवारी शिफ्टला जाताना बघितलं,
दगड पुन्हा लाल.
चार खडे मात्र तिथंच,
त्याला टेकून.