जादा दिवे

द्वारकेच्या गाळ्यात निसारचाचांनी
जीपचं बॉनेट उघडलं आणि विचारलं,
‘किती लावू? दोन? चार? टपावर पट्टी टाकायची?
पोरं सहा-सहा लावून जातात,
म्हणतात घाटात दिवस उगवतो.’

म्हटलं, आधी अर्ज. मग दिवे.
चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहते
शेळीला चष्मा लागेल का विचारणाऱ्याकडे.

गेल्या भाद्रपदात हरसूलच्या उतारावर
उसने आणलेले दोन दिवे होते माझ्याकडे,
बंपरला तारेनं आवळलेले.
वरच्या पाड्यावर गाय अडलेली,
वासराचे पाय बाहेर आणि मी घाईत.
वळणावर समोरून लूना आली,
म्हणजे लूना होती हे नंतर कळलं.
तेव्हा होता फक्त माझाच उजेड
आणि त्यात कुणीतरी
हात डोळ्यांवर नेत होतं.

चिंतामण भोये.
चरात बसून चप्पल चाचपत होता.
दोन कॅरेट टोमॅटो
एकेक करून उताराला लागले होते,
माझ्या दिव्यात लालभडक.
‘काय नाय झालं बाई,
निस्तं जग पुसल्यावानी झालं एकदम.’
आणि वर मलाच विचारलं,
तुमाला लागलं का?

गाय वाचली. वासरू नाही.

पेठ रोडच्या आरटीओत खैरनारबाईंनी
अर्ज उलटा करून पाहिला, मग सुलटा.
‘आधी विचारायला कुणी येत नाही हो,
लावतात, आणि पकडलं की येतात.’
‘कारण’ या रकान्यात दीड ओळ जागा.
लिहिलं : जनावरांची रात्रीची बाळंतपणं,
शेवटचे चार किलोमीटर रस्ता नाही.
उरलेल्या जागेत
एक नाव मावलं असतं.
तिथं सही केली.

तीन खेपा.
एकदा साहेब मीटिंगला,
एकदा ऑफिसातच लाईट गेलेली.
मी हसले. खैरनारबाई नाही हसल्या.
तिसऱ्यांदा शिक्का, आणि खाली अट :
डांबरी रस्त्यावर दिवे झाकलेले असावेत.

मग चाचांचं काम सुरू झालं.
रिले, फ्यूज, बोटाएवढी जाड वायर,
जागा हेडलाईटच्या रेषेखाली,
बटण वेगळं, अप्परशी त्याचं काही नातं नाही.
गाळ्याच्या भिंतीवर खडूनं रेघ ओढली,
जीप मागं घेतली, पुढं घेतली, पान्यानं मान खाली दाबली.
‘याच्या वर चढता कामा नये.
उजेडाला माज लवकर येतो.’

झाकणं बाजारात मिळतात, पिवळी, हसऱ्या तोंडाची.
चाचांनी मात्र भद्रकालीतल्या छत्रीवाल्याकडून
काळ्या कापडाची शिवून आणली, कडेनं इलास्टिक.
‘वालिदांचा टांगा होता, पंचवटी ते नाशिकरोड.
घोडं बिचकू नये म्हणून त्याला झापड.
आता हे उलटं,
समोरचा बिचकू नये म्हणून आपल्याला.’

काल रात्री पुन्हा तोच पाडा.
जिथं डांबर संपतं तिथं उतरले,
झापडं काढून खिशात घातली,
बटण दाबलं.
नाचणीच्या कणसाकणसापर्यंत डोळे पोचले.
एक ससा थांबला, विचार केला, गेला.

पहाटे येताना
डांबराच्या काठाशी जीप उभी केली.
दिवे मालवले. अंधार जागेवर आला.
थोडा वेळ निवू दिलं,
तरी कापड चढवताना काच कोमटच लागली,
नुकत्या जन्मलेल्याच्या कपाळासारखी.

एक झाकला. दुसऱ्याचं इलास्टिक ताणत होते
तेवढ्यात खालून एक लूना चढून आली,
दिवा पणतीएवढा, तोही थरथरता.
कोण होतं दिसलं नाही.
त्यानं हात हँडलवरच ठेवला,
नुसता हॉर्न दिला,
पीं.