रकाना सात

जामसंड्याच्या चढावर रिक्षा दुसऱ्या गिअरात कण्हू लागते
तेव्हाच येतो आबा तारीचा प्रश्न. त्याआधी नाही.
सपाटीवर तो नुसता रस्त्याला शिव्या घालतो.
"बाई, घोव खंय असता तुमचो?"
आरशात त्याचे डोळे, आरशाखाली लोंबणारा
बाळाचा एकच बूट, उन्हानं पिवळा पडलेला.
मी म्हणते, बोटीवर.

हे मी बदली होऊन आले त्या आठवड्यातच बोलून बसले
आणि मग जपत आले, मंडपवाल्याच्या टोपासारखं,
चेपू न देता.
कसली बोट? तेलाची.
कधी येतलो? मेमध्ये.
मे आला, गेला, फणसांचा वास सरला.
मी नवऱ्याचं कंत्राट वाढवून दिलं.

पार्लरच्या शेवंतीला मात्र सांगितलंय, सोडलं.
तिच्या दातांत दोरा, दोऱ्यात माझी भुवई,
अशा वेळी फार लांबचं खोटं सुचत नाही.
"आणि मूलबाळ?" दोऱ्याआडून ती.
दुखलं, मी म्हणाले.
तिनं पावडर लावली.

सिलिंडरवाल्या अंतोनला: हळू हं, सासूबाई निजल्यात आत.
तेव्हापासून तो बिचारा खांद्यावर भरलेली टाकी घेऊन
चवड्यांवर जिना चढतो.
महिन्यातून एकदा मला माझी लाज वाटते.

'तुम्हाला काय करायचंय?'
हे वाक्यसुद्धा आहे माझ्याकडे, धार लावून ठेवलेलं.
पण रात्रीच्या शेवटच्या एसटीला
न सांगता स्टँडवर थांबतो तोही आबाच,
आणि मी उतरले नाही तर कंडक्टरला विचारतो,
"आमच्या हॉस्पिटलातली बाई नाय इली?"
त्या 'आमच्या'ला कुठून कापू?

मी केसपेपर लिहिते.
मंगळवारी रांग दारापर्यंत, वर पंखा खडखडत,
आणि खिडकीत एक बाई, पदर दोन्ही खांद्यांवर.
नाव? सुगंधा आबा तारी.
मी मान वर केली नाही.
वय? लग्न? पाळी? घरात कोणाला साखर?
रकाना सात, बाळंतपणं किती.
"दोन."
रकाना आठ, त्यांतली हयात किती.
तिनं मागं पाहिलं. चार बायका,
वेफर्स खाणारा एक मुलगा, माझ्याकडे बघत.
मला वाटलं ऐकू गेलं नाही,
पंख्यावर आवाज चढवून मी पुन्हा विचारलं, हयात किती?
सगळी रांग गप्प झाली, उत्तर ऐकायला.

"चेडू कुडाळाक दिलंय," ती म्हणाली.
"आणि झील बोटीर आसा."

बोटीवर.
तो सूर. शेवटचं अक्षर जरा लवकर मिटायचं,
पुढचा प्रश्न बाहेरच राहावा म्हणून.
तो माझाच होता, मी दीड वर्ष घासूनपुसून ठेवलेला.
पेन उचललेलं राहिलं.
"लिवा," ती हळूच म्हणाली, "तुमका बरा दिसात ता."
मी दोन लिहिलं.
खिडकीतून केसपेपर सरकवताना
तिच्या बोटांना बोट लागलं, तर तिनं ते काढून घेतलं नाही,
पण हसलीही नाही.
पुढच्या बाईचं नाव मला दोनदा विचारावं लागलं.

संध्याकाळी वारा होता, सड्यावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या.
चढ आला. गिअर पडला. रिक्षा कण्हली.
मी बुटाकडे पाहायचं नाही असं ठरवून
बुटाकडेच बघत होते.
"मगे? बोट खंय पावली?"

मुंबई म्हणणार होते, कोची म्हणणार होते.
माहीत नाही आबा, मी म्हणाले. बोटच नाही.

बराच वेळ नुसतं इंजिन.
"असता तसा," तो म्हणाला,
आणि सपाटी यायच्या आधीच
रस्त्याला शिव्या घालू लागला.